फारसी कानांसाठी हुकमाची इंग्रजी

इंग्रजीतला आज्ञार्थ शिकवायला सोपा, असं सर्रास मानलं जातं. मराठीत ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’, ‘बसू नकोस’, ‘बसू नका’ अशी माणसागणिक बदलणारी रूपं आहेत. फारसीत एकाला ‘बेनेवीस’, अनेकांना किंवा आदराने ‘बेनेवीसीद’ आणि लिहू नको म्हणताना ‘ननेवीस’. इंग्रजीत शाळकरी पोराला ‘राइट’ आणि न्यायाधीशालाही ‘राइट’. प्रत्यय नाही, वचनाची भानगड नाही. म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तकं ‘सिट’, ‘स्टँड’, ‘ओपन’, ‘क्लोज’ यांनी सुरू होतात आणि दोन पाठांत हा विषय आटोपून काळांकडे वळतात.

अडचण त्यानंतर उभी राहते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये वर्गात, दवाखान्यात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कान देऊन ऐकलं, तर असे उघडे आज्ञार्थ फार थोडे कानी पडतात. प्राध्यापिका म्हणते, ‘यू माइट वाँट टू लुक ॲट चॅप्टर थ्री.’ नर्स म्हणते, ‘व्हाय डोंट यू हॅव अ सीट.’ शिफ्टचा सुपरवायझर म्हणतो, ‘डू यू वाँट टू गेट दोज ट्रेज?’ पहिल्या वाक्यात शक्यता आहे, दुसऱ्यात कारणाची विचारणा, तिसऱ्यात इच्छेची. तिन्ही हुकूम आहेत. ट्रे उचलायची इच्छा आहे का, या प्रश्नाला सरळ मनाने ‘नो, थँक यू’ म्हणणारा माणूस कामचुकार ठरतो, आणि आपलं काय चुकलं हे त्याला कुणी सांगत नाही. शब्द सगळे ठाऊक असूनही हुकूम ओळखू न आलेली अशी माणसं मी इथे पाहिली आहेत. त्यांत फारसी बोलणारी बरीच होती.

हुकमाच्या इंग्रजी वाक्यांचा मी तयार केलेला हा शब्दसंग्रह त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. यात मराठी माणसं कुठून आली, असा प्रश्न पडेल. पुण्यात इराणी विद्यार्थी कित्येक दशकं शिकायला येत आले आहेत. अफगाणिस्तानातली मुलं-मुली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर पुणे विद्यापीठात शिकली आहेत. पदवीच्या वर्गात बसण्याआधी यांतल्या अनेकांना इंग्रजीची शिकवणी लावावी लागते, आणि ती घेणारे सर किंवा बाई बहुधा मराठीच असतात. इकडे अमेरिकेत १९७९-८० या शैक्षणिक वर्षात परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट इराणचा होता, ५०,००० हून अधिक. इराणमधल्या क्रांतीनंतर त्यांतले कितीतरी इथेच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर दरी, म्हणजे अफगाणी फारसी, बोलणारी कुटुंबं मिशिगनमध्येही आली. त्यांना इंग्रजी शिकवायला जे स्वयंसेवक पुढे येतात, त्यांत जोडीदाराच्या व्हिसावर आलेली, शिकलेली पण नोकरीची परवानगी नसलेली आपली माणसं असतात. अशा शिक्षकाजवळ एक मोठी शिदोरी असते आणि ती आपल्याजवळ आहे हे बहुधा त्याच्या ध्यानात नसतं. त्याच्या मातृभाषेत फारसीचे शेकडो शब्द मुरलेले आहेत, वाक्याची ठेवण फारसीसारखीच कर्ता, कर्म, क्रियापद अशी आहे, आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतलं अंतर त्याला समजावून सांगावं लागत नाही.

हा विषय ॲन आर्बरमध्ये बसून लिहावासा वाटला, याला गावाचा इतिहासही कारण आहे. चार्ल्स कार्पेंटर फ्रीज यांनी १९४१ साली मिशिगन विद्यापीठात इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू केली. परदेशी माणसांना इंग्रजी शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात निघालेली अशी ही पहिली संस्था. तिचे पहिले विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतले होते. शिकायची भाषा आणि शिकणाऱ्याची स्वतःची भाषा या दोन्हींचं काटेकोर वर्णन शेजारी शेजारी ठेवून त्यावरून धडे बेतावेत, असं फ्रीज यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्यांचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी झालेले रॉबर्ट लाडो फ्लोरिडात जन्मले आणि स्पेनमध्ये वाढले. इंग्रजी परकी वाटणं म्हणजे काय हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. १९५७ साली ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ या पुस्तकात त्यांनी ही तुलना ध्वनी, व्याकरण, शब्द, लिपी आणि शेवटी संस्कृती अशा पायऱ्यांनी कशी करायची ते दाखवलं. नंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी या विचारावर बरीच टीका केली. मातृभाषेवरून प्रत्येक चूक आधी सांगता येत नाही, काही चुका सगळ्याच भाषांचे लोक करतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी फारसी बोलणाऱ्याला इंग्रजी हुकूम शिकवताना लाडोंच्या त्या पायऱ्या मला पावलोपावली उपयोगी पडल्या. त्यातही शेवटची, संस्कृतीची पायरी, जी वर्गात बहुतेक वेळा गाळली जाते.

फ्रीज यांचं याहून मोलाचं काम मात्र वेगळं आहे. १९५२ च्या ‘द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश’ या पुस्तकासाठी त्यांनी या भागातल्या लोकांची टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून वापरली. बोलणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. आज कुठलंही विद्यापीठ याला परवानगी देणार नाही. त्या अडीच लाख शब्दांमधून वाक्यांचे प्रकार पाडताना त्यांनी अर्थापासून सुरुवात केली नाही. वाक्यानंतर समोरचा काय करतो, हे त्यांनी पाहिलं. काही वाक्यांना शब्दांनी उत्तर मिळतं, ते अभिवादन, हाक किंवा प्रश्न. काही वाक्यांवर ऐकणारा नुसता हुंकार भरत राहतो, ती विधानं. आणि काही वाक्यांना उत्तर कृतीने येतं. ही तिसरी जात म्हणजे हुकूम आणि विनंती. या कसोटीला ‘डू यू वाँट टू गेट दोज ट्रेज?’ हे वाक्य लावलं, की प्रश्नचिन्हाचा भुलावा संपतो. अपेक्षित उत्तर ट्रे उचलणं हेच आहे. संग्रहातलं प्रत्येक वाक्य निवडताना मी हीच कसोटी वापरली.

पण कृती हवी एवढं कळून भागत नाही. ती टाळता येते का, हेही कळावं लागतं. त्यासाठी मला पाणिनीकडे जावं लागलं. माधव देशपांडे यांनी १९७२ पासून अनेक दशकं याच विद्यापीठात संस्कृत आणि भाषाशास्त्र शिकवलं, तेव्हा पाणिनी या गावाला परका नाही. अष्टाध्यायीत ३.३.१६१ या सूत्रात विध्यर्थाच्या रूपांचे अर्थ दिले आहेत: विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न आणि प्रार्थना. लगेच पुढच्या सूत्रात आज्ञार्थालाही तेच अर्थ जोडले आहेत. आज आपण लग्नपत्रिकेवर निमंत्रण आणि आमंत्रण एकाच अर्थाने छापतो. टीकाकारांनी त्यांत स्वच्छ फरक केला आहे: निमंत्रण टाळलं तर दोष लागतो, आमंत्रण स्वीकारणं ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं. अधीष्ट म्हणजे मान राखून केलेली विनवणी. काशिकावृत्तीत तिचं उदाहरण म्हणून बटूची मुंज लावण्याबद्दल गुरूला केलेली विनंती दिली आहे. संप्रश्नाचं उदाहरण आहे, मी व्याकरण शिकावं का, अशी पृच्छा. शिकवणं आणि आज्ञा करणं हे दोन विषय एकाच सूत्राच्या उदाहरणांत एकत्र आलेले पाहून मला फार आनंद झाला, कारण या संग्रहातही ते वेगळे काढता येत नव्हते.

म्हणून इथली वाक्यं वर्णानुक्रमाने लावलेली नाहीत. कोण कुणाला म्हणतो आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणायची किती मोकळीक आहे, यावर त्यांची रचना केली आहे. ‘यू नीड टू साइन हिअर’ टाळता येत नाही. ‘यू माइट वाँट टू रिवाइज दिस’ हे शिक्षकाच्या तोंडचं असेल तर टाळता येतं, पण टाळलं की गुण जातात. ‘फील फ्री टू टेक वन’ खुशाल टाळावं. शाळेतून घरी येणाऱ्या चिठ्ठीत ‘आर एक्स्पेक्टेड टू’ आणि ‘आर एन्करेज्ड टू’ ही दोन वाक्यं एकाखाली एक असतात. शब्दकोशात पाहिलं तर दोन्ही सौम्य. प्रत्यक्षात पहिलं बंधनकारक आहे आणि दुसरं नाही. ‘वुड यू माइंड’ने सुरू होणाऱ्या विनंतीला तर होकार ‘नो’ म्हणून द्यावा लागतो.

नाही म्हणायची मोकळीक हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या एका निकालावरून दिसतं. ‘श्नेकलॉथ विरुद्ध बुस्तामाँते’ या नावाने तो ओळखला जातो. कॅलिफोर्नियात रात्री पोलिसांनी एक मोटार थांबवली, आतल्या माणसाला झडती घेऊ का असं विचारलं, त्याने घ्या म्हटलं. डिकी उघडते का, असा प्रश्न आला तेव्हा त्याने हो म्हणून किल्ली आणली आणि डिकी उघडली. गाडीत चोरीचे धनादेश सापडले. ही संमती राजीखुशीची होती का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सगळी परिस्थिती पाहून संमती खरी की दबावाखालची ते ठरवावं, आणि तुम्ही नाही म्हणू शकता असं सांगायचं बंधन पोलिसांवर नाही, असा कौल मिळाला. डिकी उघडते का, हा प्रश्न व्याकरणाने पाहिला तर बिजागरीबद्दलचा आहे. तो अंधारात, रस्त्याच्या कडेला, गणवेशातल्या माणसाने विचारला की काय होतो, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नीट सांगता आलं नाही. जिथे राजाच्या, शिपायाच्या आणि अधिकाऱ्याच्या शब्दापुढे मान तुकवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, अशा देशातून आलेल्या माणसाला हे शिकवणं शिक्षकाचं कर्तव्य आहे, असं मी मानतो. संग्रहातला पोलिसांवरचा भाग त्यासाठीच मोठा आहे.

आता फारसीच्या बाजूने पाहू. ‘दस्तूर’ हा शब्द आपल्याकडे ‘दस्तुरखुद्द’मध्ये आणि पारश्यांच्या धर्मगुरूंच्या पदवीत राहिला आहे. इराणमध्ये ‘दस्तूर’ म्हणजे हुकूम. भाषेचा दस्तूर म्हणजे व्याकरण. सभेचा दस्तूर म्हणजे विषयपत्रिका. स्वयंपाकाचा दस्तूर म्हणजे पाककृती. इंग्रजीत यांसाठी ऑर्डर, ग्रामर, अजेंडा आणि रेसिपी असे चार वेगळे शब्द लागतात. शिवाय औषधाच्या बाटलीवर लिहिलेल्या असतात त्या डिरेक्शन्स आणि यंत्राबरोबर येतात त्या इन्स्ट्रक्शन्स. फारसी बोलणारा सुरुवातीला या सगळ्यांना ‘ऑर्डर’ म्हणतो आणि त्याचं बोलणं उगीचच करडं वाटू लागतं. ‘फर्मान’चंही तसंच आहे. आपल्याला फर्मान म्हटलं की बादशहा आठवतो. तेहरानच्या रस्त्यावर फर्मान म्हणजे मोटारीचं स्टिअरिंगसुद्धा.

सगळ्यात जास्त पानं मी ‘बेफर्मायीद’ला दिली आहेत. शब्दशः त्याचा अर्थ ‘आज्ञा करा’. दार उघडून पाहुण्याला आत घेताना ‘बेफर्मायीद’, खुर्ची पुढे करताना ‘बेफर्मायीद’, चहाचा पेला देताना, दुसऱ्याला आधी जाऊ देताना, फोन उचलताना, वर्गात हात वर केलेल्या विद्यार्थ्याला बोलू देताना, सगळीकडे तोच शब्द. दुसरा बोलतो तेव्हा तो ‘फर्मावतो’, आणि मी बोलतो तेव्हा मी ‘अर्ज’ करतो. मराठीने हे दोन्ही शब्द घेतले, पण अर्जाचा कागद झाला आणि फर्माइश गाण्याच्या बैठकीपुरती उरली. फारसीत मात्र ती रोजची बोलण्याची रीत आहे, आणि ‘तआरोफ’ नावाच्या मोठ्या शिष्टाचाराचा भाग आहे. समोरच्याला मान देणं म्हणजे त्याच्या हाती हुकमाचा अधिकार देणं, अशी त्यामागची समजूत आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तेही ‘काही आज्ञा?’ असंच.

इंग्रजीत याला एक प्रतिशब्द नाही. दारात ‘कम ऑन इन’, खुर्चीपाशी ‘हॅव अ सीट’, चहा देताना ‘हिअर यू गो’, वाट देताना ‘आफ्टर यू’, बोलू देताना ‘गो अहेड’, जेवणाच्या टेबलावर ‘हेल्प युअरसेल्फ’. लक्षात घ्या, ‘आफ्टर यू’ सोडलं आणि ‘हिअर यू गो’ बाजूला ठेवलं, तर यांतली बाकीची वाक्यं उघडे आज्ञार्थ आहेत. ऐकणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट असेल तिथे इंग्रजी माणूस बेधडक आज्ञार्थ वापरतो आणि ते अगत्याचं समजलं जातं. आपल्या फायद्याची गोष्ट सांगताना तोच माणूस ‘कुड यू’, ‘वुड यू’ करत वळणं घेतो. हा नियम माझ्या विद्यार्थ्यांना जितका उपयोगी पडला तितका दुसरा कुठलाच नाही. ‘प्लीज’ जोडलं की कुठलाही आज्ञार्थ सभ्य होतो, ही समजूत त्यामुळे आपोआप गळून पडते. ‘प्लीज ओपन द विंडो’ हे सहकाऱ्याला अजूनही हुकमासारखं लागतं, आणि ‘हॅव सम मोर केक’ला कुठल्याही ‘प्लीज’ची गरज पडत नाही.

शुभेच्छांची गोष्ट याच्या जवळची आहे. ‘टेक केअर’, ‘हॅव अ नाइस डे’, ‘एंजॉय’ हे रूपाने आज्ञार्थ आहेत. कुणी ते पाळायला जात नाही. फारसीत काम करणाऱ्याला ‘खस्ते नबाशीद’ म्हणतात, म्हणजे थकू नका. अफगाणिस्तानात त्याचंच ‘मांदा नबाशी’ होतं. इराणी वर्गात तास लांबला की मुलं मास्तरांना ‘खस्ते नबाशीद’ म्हणतात. त्यात कौतुक असतं आणि आता सोडा अशी विनवणीही असते. मुलांनी मास्तरांना दिलेला हा हुकूम इंग्रजीत ‘डोंट बी टायर्ड’ असा नेला, तर अमेरिकन शिक्षक गोंधळतो. त्या जागी ‘थँक्स फॉर टुडे’ चालतं.

शिकवण्याच्या शब्दांकडे मी थोडक्यात वळतो. फारसीत शिकवणं म्हणजे ‘याद दादन’, आठवण देणं, आणि शिकणं म्हणजे ‘याद गेरेफ्तन’, आठवण घेणं. धडा देणं वेगळं, धडा ‘वाचणं’ वेगळं. ‘आय रीड फिजिक्स ॲट युनिव्हर्सिटी’ अशी वाक्यं या धडा वाचण्यातून येतात. इराणच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावातच ‘आमूझेश’ आणि ‘परवरेश’, म्हणजे शिक्षण आणि संगोपन, असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत टीच, ट्रेन, कोच, ट्यूटर, ड्रिल, ब्रीफ यांतल्या प्रत्येकाबरोबर कुणाला आणि कशासाठी हे ठरलेलं असतं. सैनिकाला ट्रेन करतात, खेळाडूला कोच, बैठकीआधी साहेबाला ब्रीफ. मराठी शिक्षकाने एका शब्दापुरतं सावध राहावं. फारसी बोलणारा ‘तेकरार’ म्हणाला, तर त्याला तक्रार करायची नाही, ‘पुन्हा एकदा म्हणा’ एवढंच म्हणायचं आहे.

उच्चारांत लाडोंची तुलना अगदी चपखल बसते. इराणी फारसीत शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन येत नाही. ‘स्टॉप’चं ‘एस्टॉप’ होतं, ‘स्पीक’चं ‘एस्पीक’. आता वर्गातल्या हुकमांची यादी डोळ्यांपुढे आणा: स्टँड, स्टार्ट, स्टॉप, स्टे, स्पीक, स्पेल, स्टडी, स्किप, स्लो डाउन. सगळी यादीच अडचणीत आहे. हीच अडचण आपल्या बोलींनाही आली होती आणि त्यांनी ती उलट्या बाजूने सोडवली: आपण ‘स्टेशन’मधला ‘स’ गाळून ‘टेशन’ केलं, इराणी माणूस आधी ‘ए’ जोडतो. उपाय असा की हे शब्द आरंभी स्वरान्त शब्दाला जोडून म्हणवून घ्यावेत, ‘यू स्टे’, ‘गो स्टँड’. मागच्या स्वराला ‘स’ चिकटतो, जीभ मोकळी होते, आणि मग आधीचा शब्द हळूहळू काढून टाकता येतो. ‘सिट’ आणि ‘सीट’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ यांतला फरक इराणी कानाला सहसा पकडता येत नाही. इथे मराठी शिक्षकाने आधी स्वतःचा उच्चार तपासावा, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना जपतो आणि बोलताना बहुधा सोडून देतो. ‘व’च्या बाबतीत मात्र सगळ्या फारसी बोलणाऱ्यांना एका तागडीत तोलू नये. तेहरानच्या माणसाला ‘वेट’मधला ओठांचा गोल करावा लागतो, काबूलच्या दरीत तो ध्वनी मुळातच आहे. शाळेला तेहरानमध्ये ‘मद्रसे’ आणि काबूलमध्ये ‘मक्तब’, खडूला तेहरानमध्ये ‘गच’ आणि काबूलमध्ये ‘तबाशीर’. म्हणून संग्रहात जिथे फरक पडतो तिथे दोन्ही शब्द दिले आहेत.

फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींना एकच ‘ऊ’. ‘आस्क हर’ आणि ‘टेल हिम’ या हुकमांत माणूस बदलतो तो यामुळे, आणि मराठी शिक्षकाला ही चूक ऐकून नवल वाटतं, कारण आपल्याकडे तर तिसरं ‘ते’ही आहे. लिपी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे ‘टर्न टू द फर्स्ट पेज’ म्हटल्यावर नवशिका पुस्तक पाठीकडून उघडतो. याला फार शब्द लागत नाहीत. पहिल्या दिवशी पुस्तक हातात घेऊन दाखवलं की पुरतं.

आतापर्यंत ऐकणाऱ्याचा विचार झाला. ब्रिटिश अमदानीत साहेब आणि मडमांसाठी हिंदुस्तानी भाषेची पुस्तकं निघत. त्यांत खानसामा, माळी, मोतद्दार यांना द्यायच्या हुकमांची पानंच्या पानं असत. ती फक्त हुकूम सोडणाऱ्यासाठी होती. स्थलांतर करून आलेला माणूस आधी बराच काळ ऐकणारा असतो, म्हणून या संग्रहाचा मोठा भाग ऐकण्यावर आहे. पण तो कायम ऐकणाराच राहील असं धरून चालणं त्याचा अपमान आहे. ॲन आर्बरमध्ये इराणी संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने पदवीच्या मुलांना शिकवतात. अशा शिक्षकाला इथे जीएसआय म्हणतात, आणि ज्यांचं आधीचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं नाही अशांची बोलण्याची परीक्षा इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट घेते. प्रयोगशाळेत ॲसिड हातात धरलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ‘यू माइट वाँट टू’ म्हणत बसायचं नसतं. तिथे ‘स्टॉप. पुट इट डाउन.’ एवढंच. धोका असेल तिथे इंग्रजीही सगळे शिष्टाचार सोडून देते, आणि हे नम्र स्वभावाच्या विद्यार्थ्याला मुद्दाम, आवाज चढवून शिकवावं लागतं.

या भागासाठी मला याच इन्स्टिट्यूटच्या ‘मायकेस’ या संग्रहाचा आधार मिळाला. १९९७ नंतरच्या काही वर्षांत मिशिगन विद्यापीठातली व्याख्यानं, प्रयोगशाळेतले तास, प्राध्यापकांच्या खोलीतल्या भेटी, शंकानिरसनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून उतरवून काढली गेली. एकूण सुमारे १८ लाख शब्द, आणि ते कुणालाही वाचायला खुले आहेत. या वेळी बोलणाऱ्यांची संमती घेतलेली होती. शिक्षक खरोखर कसं सांगतात हे पाहायचं असेल तर पाठ्यपुस्तकापेक्षा हे वाचावं. संस्थेचे बरीच वर्षं संचालक असलेले जॉन स्वेल्स यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये शोधनिबंधांतल्या आज्ञार्थावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘कन्सिडर’, ‘नोट’, ‘लेट’ असे हुकूम विद्वान एकमेकांना बिनदिक्कत देत असतात, आणि त्यांचं प्रमाण विषयागणिक बदलतं. गणित शिकलेल्या इराणी मुलांना हा भाग लगेच कळतो. ‘लेट एक्स बी’ त्यांना बोलण्याच्या इंग्रजीहून कितीतरी आधी ठाऊक असतं.

वापराबद्दल दोन गोष्टी. कॅलिफोर्नियातले जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत अनेक शिक्षक वापरतात: शिक्षक हुकूम सोडतो, विद्यार्थी अंगाने तो पाळतो, बोलायची घाई नाही. पहिले काही आठवडे ती उत्तम चालते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईंनाही तिच्यातून हुरूप येतो. पण तेवढ्यावर थांबू नये. केवळ उघडे आज्ञार्थ ऐकलेला माणूस सुपरवायझरच्या प्रश्नार्थी हुकमापुढे पुन्हा कोरा ठरतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्याच कृती ‘कॅन यू’, ‘डू यू वाँट टू’, ‘आय नीड यू टू’ अशा रूपांत सांगाव्यात आणि कृती तीच व्हावी, याचा सराव घ्यावा.

दुसरी गोष्ट, शेवटचं प्रकरण आधी शिकवावं. त्यात उलट विचारायची वाक्यं आहेत. ‘इज दॅट रिक्वायर्ड, ऑर इज इट ऑप्शनल?’ ‘डू यू मीन नाऊ?’ ‘कुड यू शो मी?’ ‘ॲम आय फ्री टू गो?’ यांतलं पहिलं शाळेच्या चिठ्ठीसाठी, दुसरं आणि तिसरं कामाच्या जागेसाठी, चौथं रस्त्यावर पोलिसाने थांबवलं तर. तआरोफमध्ये वाढलेल्या माणसाला, विशेषतः वयस्क बाईमाणसाला, वडीलधाऱ्याला किंवा साहेबाला उलट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं आणि ही वाक्यं ओठांवर यायला वेळ लागतो. त्यांना आधी वर्गात शिक्षकालाच हे प्रश्न विचारायला लावावेत, रोज, आणि प्रत्येक वेळी शिक्षकाने न चिडता पूर्ण उत्तर द्यावं.